मुलांबरोबर कॅरिबियन क्रूझला निघताना: बेळगाव भागातल्या आईबाबांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागात ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्या घरी असा फोन कधी ना कधी येतो: "आई, तुम्ही इकडं आलात की आपण सगळे मिळून क्रूझला जाऊया. कॅरिबियनला." आणि पाठोपाठ, "तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही बघतो सगळं." मुलं हे मनापासून म्हणतात, बुकिंगही तीच करतात. पण बोटीवर चढल्यावर घरातली माणसं दिवसभर वेगवेगळ्या मजल्यांवर पांगतात. नातवंडं मुलांच्या क्लबात, मुलगा-सून पोहण्याच्या तलावावर, आणि आपण दोघंच बाकी. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की कागद, औषधं, जेवण आणि घड्याळ या चार गोष्टी आपल्या हातात ठेवा. त्या हातात असल्या की मुलांना मागं मागं फिरावं लागत नाही, आणि आपल्यालाही समुद्र मोकळ्या मनानं बघता येतो.

आधी कागद

सीमाभागातल्या माणसांचा सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. शाळेचा दाखला मराठी, जन्माची नोंद कन्नड, आधारवर इंग्रजी, आणि तिन्हीकडं स्पेलिंग वेगळं. कुठं वडिलांचं नाव आद्याक्षरापुरतं, कुठं पूर्ण. बायकांच्या कागदांवर तर माहेरचं आणि सासरचं नाव मिसळलेलं असतं. पासपोर्ट काढतानाच किंवा नूतनीकरणाच्या वेळी हे एकदा सरळ करून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला, तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही') ही तीन अक्षरं छापून येतात आणि पुढं प्रत्येक तिकिटावर नाव कसं लिहायचं हा घोळ होतो. गावाच्या नावाची मात्र धास्ती नको. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदललं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर जुनं स्पेलिंग आहे आणि नव्यावर नवं. पासपोर्टवर जे आहे तेच व्हिसाच्या फॉर्मवर लिहायचं. क्रूझच्या बुकिंगवरचं आपलं नावही पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळायला हवं. मुलं सवयीनं घरातलं नाव टाकतात, म्हणून बुकिंगचा कागद मागवून घ्या आणि स्वतः वाचा.

व्हिसा अमेरिकेचा, बी-१/बी-२ प्रकारचा, म्हणजे भेटीला-फिरायला जाणाऱ्यांचा. आपण कर्नाटकातले म्हणून मुलाखत चेन्नईलाच द्यावी लागते असं काही नाही, भारतातलं कुठलंही केंद्र निवडता येतं. बेळगावहून मुंबई रात्रीच्या बसनं किंवा रेल्वेनं गाठता येते आणि तिथं मराठीतून मुलाखत देण्याची सोय आहे, म्हणून इंग्रजीची भीती असलेल्यांनी मुंबईच घ्यावी. बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रात, मुलाखत बांद्रा-कुर्ला संकुलात वेगळ्या दिवशी. त्या हिशेबानं एक रात्र मुंबईत मुक्काम धरून चला. विचारलं तेवढंच आणि खरं ते सांगायचं: मुलाकडं चाललोय, इतके दिवस राहणार, मधे एक आठवडा क्रूझ.

हातात आलेल्या व्हिसावर 'एंट्रीज' या शब्दाजवळ 'एम' आहे का ते बघा. बोट फ्लोरिडाहून सुटून दुसऱ्या देशात जाते, त्यामुळं परत येताना अमेरिकेत नव्यानं प्रवेश होतो. 'एम' म्हणजे अनेकदा प्रवेशाची मुभा. आता बेटांचं. पोर्तो रिको आणि सेंट थॉमस ही अमेरिकेच्याच ताब्यातली बेटं, तिथं वेगळं काही लागत नाही. मेक्सिकोत अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टला पुरतं. बाकी प्रत्येक देशाचा नियम निराळा आणि बदलता आहे. मुलांचे अमेरिकन मित्र म्हणतील, "आम्हाला कधी काही लागलं नाही." ते त्यांच्या पासपोर्टचं झालं. भारतीय पासपोर्टला त्या मार्गावर काय लागेल ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा, पैसे भरण्याआधी.

कुठला महिना, कुठला मार्ग

इकडं पाऊस सुरू झाला की आपल्याकडचे आईबाबा अमेरिकेला निघतात. नेमक्या त्याच काळात तिकडं वादळाचा हंगाम असतो: १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. या दिवसांत तिकिटं स्वस्त मिळतात याचं कारण हेच. बोट वादळात शिरत नाही, ती वळसा घालून जाते. पण ठरलेलं बेट गळून दुसरंच येऊ शकतं, आणि कंपनीला तसा हक्क असतो. माझं मत विचाराल तर जानेवारी ते एप्रिल हेच दिवस चांगले. हवा गोव्याच्या थंडीतल्या हवेसारखी, उकाडा सोसण्याजोगा. मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांना सुट्ट्या असतात, तेव्हा गर्दी आणि दंगा जास्त, एवढं लक्षात असू द्या.

बोटी बहुतेक फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हेरलहून सुटतात. पूर्वेचा मार्ग पोर्तो रिकोचं सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिनचा. पश्चिमेचा कोझुमेल, ग्रँड केमन, जमैकाचा. दक्षिणेचा बार्बाडोस, सेंट लुसिया, अरुबा, कुरासावचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सात रात्रींचा पूर्वेचा मार्ग घ्यावा. सान हुआनला बोट थेट जुन्या शहराला लागते. निळसर दगडांच्या अरुंद गल्ल्या आणि समुद्रावर पुढं आलेला एल मोरो किल्ला हे सगळं आपल्या पायांनी, कुठलीही सहल न घेता बघता येतं. किल्ल्यांवर जीव असलेल्या आपल्या माणसांना तो तट बघताना वेळ पुरत नाही.

दक्षिणेच्या मार्गाबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहितो. आपला जिल्हा उसाचा, आणि कॅरिबियनमधली बरीच बेटंही उसानंच घडली आणि भरडली. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला १८३८ पासून गयानात आणि १८४५ पासून त्रिनिदाद-जमैकात हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांच्या पाठोपाठ गेलेली रोटी आणि मसाल्याची कालवणं आजही त्या बेटांच्या ताटात आहेत. चिकोडी-संकेश्वरकडच्या माणसानं ते शेत बघावं, ती रोटी खावी असं मला फार वाटतं. आणि क्रिकेट तर आहेच. १९७१ साली त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, ते अजित वाडेकरांच्या कप्तानीत. गावस्करांच्या त्या मालिकेतल्या ७७४ धावा सगळ्यांना पाठ असतात, पण मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी काढलेल्या ६४२ धावा आपल्या या पट्ट्यात तरी विसरल्या जाऊ नयेत. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान बार्बाडोसच्या बंदरापासून जवळच आहे. नातवाला तिथं घेऊन जा.

खोली

आतली खोली स्वस्त. तिला खिडकीच नसते, दिवा मालवला की दिवस का रात्र कळत नाही. खिडकीची खोली मधली, बाल्कनीची महाग. मुलं पैसे वाचवायला आतली खोली बघत असतील आणि तुम्हाला फार चालवत नसेल, तर बाल्कनीसाठी स्पष्ट बोला. ज्या दिवशी गुडघे साथ देणार नाहीत त्या दिवशी समुद्र तुमच्यापाशी असेल. मजला खालचा आणि जागा बोटीच्या मधोमध मागा, तिथं हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. लिफ्टपासूनचं अंतर आधी विचारून घ्या. 'आयकॉन ऑफ द सीज' ही २०२४ च्या जानेवारीत मायामीहून सुरू झालेली बोट वीस डेकची, म्हणजे वीस मजल्यांची आहे आणि भरली की साडेसात हजारांवर प्रवासी घेते, म्हणजे तालुक्यातलं एक मोठं गावच. अशा बोटीवर खोलीपासून जेवणघर हेच मोठं चालणं होतं. व्हीलचेअर लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, बंदरावर ऐनवेळी मागू नका.

बॅगेत काय, काय नको

इस्त्री, पाण्याची किटली, छोटा कुकर, इंडक्शन यांतलं काहीही बोटीवर चालत नाही, आगीच्या भीतीनं काढून घेतात. घरी केलेले लाडू-चिवडाही अडवतात. कंपनीत बंद झालेली पाकिटं मात्र बहुधा सोडतात, तेव्हा शेंगदाण्याची चटणी, भडंग, आलेपाक सीलबंद घ्या. अमेरिकेत उतरताना खाण्याचं जे असेल ते कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगून टाकायचं. ताजी फळं, भाजी, बियाणं, मांस नेऊच नका. आणि बोटीच्या बुफेतलं केळं किंवा सफरचंद पिशवीत घालून बेटावर उतरायचं नाही, तिथंही मनाई असते.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त. ती कायम हातातल्या पिशवीत ठेवा. बोट लागण्याची गोळी चढण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. बीपी, साखर, डोळ्याच्या काचबिंदूचं औषध चालू असेल तर ती कुठली चालेल हे तेच सांगतील. मोठ्या बोटींना हेलकावे कमी करणारे पंख असतात, त्यामुळं बहुतेकांना पहिल्या रात्रीनंतर काही जाणवत नाही.

विम्याचं मुलांवर सोडू नका. आईवडिलांसाठी घेतलेल्या काही पॉलिसी अमेरिकेच्या हद्दीपुरत्याच असतात, बोट हद्दीबाहेर गेली की उपयोग नाही. बोटीवरचा दवाखाना चांगला असतो पण महाग, पैसे आधी कापले जातात. क्रूझ धरली आहे का, आधीचे आजार धरले आहेत का आणि बेटावरून हलवून नेण्याचा खर्च धरला आहे का, हे तीन प्रश्न विमेवाल्याला विचारा.

कपड्यांत एक शाल किंवा स्वेटर हवाच, बोटीतलं एसी फार गार असतं. एका संध्याकाळी सगळे नटूनथटून जेवायला येतात. त्या दिवशी काकूंनी शहापुरी साडी नेसावी, लोक थांबून विचारतात आणि वडगावच्या विणकरांबद्दल सांगताना बरं वाटतं.

चढण्याचा दिवस

बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोहोचा. विमान चुकलं तर बोट थांबत नाही. मोठ्या बॅगांना नावाचे टॅग लावून हमालाकडं द्यायच्या, बॅगेमागं एक-दोन डॉलर टिप. त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दारात येतात. तोवर लागेल ते म्हणजे पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि एक बदली कपडा हातात असावा.

चढताना एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. गळ्यात अडकवा. मग सुरक्षेची तालीम. आपलं जमण्याचं ठिकाण कुठं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं हे दाखवतात. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की तिथं जायचं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, ३२ माणसं गेली, आणि त्यातल्या बऱ्याच प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. मुलं पटकन कार्ड दाखवून येऊया म्हणतील. तुम्ही मात्र खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्यानं एकदा चालून बघा, कारण अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते.

जेवण

शाकाहारी मंडळींना हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो सगळ्यात सोपा सुटतो. अट एकच, पहिल्याच रात्री तोंड उघडायचं. मोठ्या जेवणघरात टेबल आणि वेटर बहुधा ठरलेले असतात. त्यांच्या मुख्य वेटरला बोलावून सांगा: आम्ही भारतीय शाकाहारी, अंडं नको, मासे नको, चिकनचं पाणी घातलेलं सूप नको. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर अंडं येऊ शकतं. आमच्या टेबलावर पहिल्या रात्री पास्ता आणि उकडलेल्या भाज्या होत्या. दुसऱ्या संध्याकाळी डाळ, जिऱ्याचा भात, वांग्याची भाजी आणि गरम रोट्या आल्या, आणि ठेवणाऱ्या पोरानं हळूच कोकणीत विचारलं, तिखट जास्त हवं का. गोवा-कोकणातली पुष्कळ मुलं बोटीवर नोकरीला असतात. छातीवरच्या पाटीवर देशाचं नाव लिहिलेलं असतं, ते बघून आपल्या भाषेत बोला. सहा-सहा, आठ-आठ महिने घर सोडून राहिलेली ती पोरं. काका-काकू म्हणून दोन शब्द बोललात तर त्यांना किती बरं वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

चहासाठी बुफेत गरम पाणी आणि पिशव्या असतात. गरम दूध वेगळं मागावं लागतं, मागितलं की देतात. संकष्टी किंवा एकादशी असली तर फळं, दही, उकडलेला बटाटा यावर भागतं. बुफेत शिरताना प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा, बोटीवर पोटाचा आजार झपाट्यानं पसरतो.

बेटावर उतरताना घड्याळ

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलवर विसंबू नका. बेटाजवळ गेला की मोबाइल आपोआप तिथली वेळ पकडतो आणि बोट चालते बोटीच्या वेळेवर. कोझुमेलचं उदाहरण घ्या. तिथं वर्षभर घड्याळ एकच असतं, फ्लोरिडात उन्हाळ्यात ते एक तास पुढं जातं. बोट फ्लोरिडाच्या वेळेवर असेल, तर मोबाइलवर चार वाजलेले असताना बोटीवर पाच वाजलेले असतात आणि दोर सोडलेले असतात. म्हणून हातात काट्याचं घड्याळ बांधा, चढल्याबरोबर बोटीच्या वेळेला लावा आणि आठवडाभर बोटीवरून वेळ बदलल्याचं सांगितल्याशिवाय हात लावू नका. परत येण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते, तीच खरी धरायची.

बोटीकडून घेतलेली सहल उशिरा आली तर बोट वाट बघते. बाहेरच्या टॅक्सीनं गेलात तर बघत नाही. जवळच्या जवळ फिरायचं असेल तर बाहेरची टॅक्सी स्वस्त पडते, पण लांबच्या ठिकाणाला बोटीचीच सहल घ्या. उतरताना पासपोर्टची झेरॉक्स, बोटीचं कार्ड, थोडे सुटे डॉलर आणि दिवसाच्या पत्रकावरचा बंदरातल्या एजंटचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा.

ग्रँड केमनला धक्का नाही. बोट समुद्रात नांगर टाकते आणि लहान बोटीनं, म्हणजे टेंडरनं, किनाऱ्याला नेतात. खालच्या डेकवर दार उघडतं, समोर लहान बोट वर-खाली होत असते, मधे वीतभर फट. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि बोट वर आली की म्हणतात, "नाऊ." त्या शब्दाबरोबर पाऊल टाकायचं, आधी नाही, नंतर नाही. पिशवी आधी त्यांच्याकडं द्या, दोन्ही हात मोकळे हवेत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, पायात मागून पट्टा असलेली चप्पल. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी समुद्र खवळलेला दिसला तर त्या दिवशी वरच राहावं, त्यात कमीपणा काही नाही. खाली उतरलात तर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्टिंगरे, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे अंगाला घासून जाताना बघायला मिळतात. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूतून सरकवायचे.

आणि ते पाणी! गोवा-कारवारचा समुद्र बघितलेल्या डोळ्यांना ते आधी खरंच वाटत नाही. आपल्या नद्या गाळ आणतात, म्हणून किनारा मातकट. तिथं तळाशी प्रवाळाची पांढरी वाळू, गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत, आणि उथळ पाण्यात ऊन थेट तळापर्यंत जातं. कंबरभर पाण्यात उभं राहून आपल्या पायाची नखं मोजता येतात. ऊन मात्र फसवं, टोपी आणि क्रीम विसरू नका.

पैसे आणि फोन

तिकिटात खोली आणि नेहमीचं जेवण येतं. टिप वेगळी, माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. दोघांचे सात रात्रींचे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशीच्या घरात. कोल्ड्रिंक, इंटरनेट, फोटो, सहली सगळं कार्डावर चढत राहतं. रोज रात्री हिशेब बघा, शेवटच्या दिवशी रांगेत भांडण नको.

बोट सुटण्याआधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात उपग्रहावरचं रोमिंग आपोआप लागतं आणि बिल अंगावर येतं. गावाकडं बोलायचं तर बोटीचा वायफाय विकत घ्यायचा. फ्लोरिडाच्या वेळेनं सकाळी आठ म्हणजे बेळगावात संध्याकाळचे साडेपाच किंवा हिवाळ्यात साडेसहा, घरचे चहाला बसलेले सापडतात.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि दातांची कवळी बाहेर काढून ठेवल्याशिवाय चेन लावू नका, कारण त्या बॅगा थेट बंदरावरच भेटतात. बॅग स्वतः ओढत नेता येत असेल तर आपणच न्या, तसे नेणारे लवकर बाहेर पडतात. बंदरावर पुन्हा इमिग्रेशन आहे, पासपोर्ट हातात ठेवा, आणि बेटावरून घेतलेलं खाण्याचं काही असेल तर तिथंही सांगा. मुलांना म्हणावं, परतीचं विमान दुपारी बारानंतरचंच घ्या.